मिच्छामि दुक्कडम्, पण कशाबद्दल?

आषाढ शुद्ध ६

आज ह्यांची कॉलेजची फी भरली. हिशेबाच्या वहीत कोणत्या खात्यावर टाकावी तेच कळेना. ‘शिक्षण’ हे खातं आमच्या लेकीच्या, फाल्गुनीच्या लग्नाबरोबर बंद झालं. औषधपाणी म्हणावं तर आजार दिसत नाही, धर्मादाय म्हणावं तर पुण्य कोणाला लागलं? शेवटी ‘घसारा’ म्हणून टाकली.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं पालिताण्याला यात्रेला जातात, नातवंडं फिरवतात, निदान सोसायटीच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची चाल तपासतात. आमच्या ह्यांनी एम. ए.ला नाव घातलं. विषय काय, तर उगवती माध्यमं!

“म्हणजे काय ते मला मॅट्रिकवालीला कळेल असं सांगा,” म्हटलं.

“मोबाइल, इंटरनेट. माणसं त्यावर काय करतात, का करतात.”

“अंगठा चोळतात. झाला अभ्यास. फी परत मागा.”

नुसते हसले. वय एकसष्ट. माध्यमं उगवती आणि विद्यार्थी मावळता.

श्रावण शुद्ध ११

ह्यांची वर्गमैत्रीण घरी आली. हा शब्द लिहितानाही हात अडखळतो. तोरल नाव. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. मला वाटलं पोर रिक्षातून पडली, हळद आणायला उठले. तर म्हणे अशीच विकत मिळते. फाटकं विकत घेणाऱ्यांना दोन वर्षं शिकवून काय होणार?

ह्यांना ती ‘आर. एल.’ म्हणते. रमणीकलालचं आर. एल.! चाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि ही पहिल्या महिन्यात अर्धं कापून मोकळी झाली. पण खाखरे सहा खाल्ले, आणि उठताना ताट स्वतः घासून ठेवलं. घासलंही नीट नाही.

पौष वद्य २

ह्यांचा पहिल्या परीक्षेचा निकाल लागला. पास. वर्गात सगळ्यांत शेवटून तिसरे. पेढे आणायला निघाले होते. “शेव आणा, शेवटून तिसऱ्याला शेव पुष्कळ,” म्हटलं. आणली. सोसायटीत कोणाला द्यायची ती दिली, उरलेली आम्हीच खाल्ली. गॅलरीत बसून किती तरी वेळ गुणगुणत होते. आवाज बेसूर आहे हे मी लग्नापासून सांगत आले आहे.

भाद्रपद शुद्ध ४, संवत्सरी

पर्युषणाचा शेवटचा दिवस. उपवास आठवा. वर्षाच्या पापांची उजळणी, म्हणजे प्रतिक्रमण, तीन तास चाललं, पाय मुंग्यांनी भरले, पण बैठक मोडली नाही. प्रभाबेन मध्ये दोनदा उठली. महिला मंडळाची प्रमुख म्हणवते.

घरी येऊन सगळ्यांना क्षमापनेचा निरोप पाठवला. पूर्वी घरोघर जावं लागे, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावं लागे, माझं वाईट केलेलं फोल ठरो म्हणावं लागे, वर समोरच्याच्या घरची सुपारी खावी लागे. आता फाल्गुनीनं फोनमध्ये यादी करून दिली आहे. दिव्याचं चित्र, खाली मजकूर: ‘वर्षभरात मन, वचन, कायेने, जाणता-अजाणता आपले मन दुखावले असेल तर...’ एकदा दाबलं की नातेवाईक, मंडळ, दूधवाला, गॅसवाला, सगळे एका दमात सुटतात. 

ह्यांच्या फोनवरही ढीग आला. ऑफिसातल्या वाडीभाईंचाही आला. वाडीभाई पौषात वारले. मुलानं बापाच्या फोनवरून यादी जशीच्या तशी दाबली. मेलेला माणूस क्षमा मागतो आणि जिवंत सगळे उलट ‘तुम्हालाही’ म्हणून पाठवतात!

ह्यांनी मात्र फोन मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. मग म्हणाले, “मिळाला.”

“काय?”

“प्रबंधाचा विषय. इतक्या लोकांनी माझ्याकडे क्षमा मागितली आहे. प्रत्येकाला विचारणार, कशाबद्दल?”

आठ उपवासांनी मला भोवळ आली नव्हती, ती आता आली.

भाद्रपद शुद्ध ९

सुरुवात प्रभाबेनपासून. फोन मोठ्या आवाजावर होता, आणि मी शेजारी भेंडी पुसत होते, त्यामुळे ऐकलं.

“प्रभाबेन, तुम्ही क्षमा मागितलीत, मी दिली. पण कशाबद्दल, ते कळलं तर बरं होईल.”

“कशाबद्दल म्हणजे? असं विचारतात का कुणी, रमणीकभाई? सगळ्याबद्दल!”

“सगळ्यातलं एखादं सांगा.”

 मग प्रभाबेन हळूच म्हणाली, “जासूदबेन घरात आहेत का? त्यांना द्या जरा. तुमची तब्येत बरी आहे ना?”

मी हातानं नको नको केलं. लाज वाटली. पण अर्ध्या तासानं तिचाच परत फोन आला. ह्यांनी गॅलरीचं दार लोटून घेतलं. पाऊण तास. बाहेर आले ते चष्मा पुसत.

“काय म्हणाली?”

“सांगता येत नाही. नाव नाही, गोष्ट नाही. कॉलेजचा नियम आहे. लोक त्या भरवशावर बोलतात.”

माझ्याच घरात, माझ्याच गॅलरीत, माझ्याच मैत्रिणीनं सांगितलेलं, आणि मला नियम लावणार कॉलेज.

आश्विन शुद्ध ३

आमची गॅलरी म्हणजे दवाखाना झाला आहे. रोज कोणी ना कोणी येतो. सोसायटीतले, मंदिरातले म्हणजे आमच्या देरासरातले, ह्यांच्या ऑफिसातले जुने. येताना टेचात येतात, “काय रमणीकलाल, आम्हाला पण फेल करणार का?” असं हसतात, आणि जाताना चपला उलट्या घालून जातात. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर आवाज पकडायचं ते बोटाएवढं यंत्र. चहा मात्र मी करायचा. साखरेचा खप बघावा.

एवढ्या मोठ्या माणसांना स्वतःचं पाप आठवायला एक निवृत्त टेलिफोनवाला लागतो! महाराजसाहेब चार महिने रोज सकाळी घसा फोडून व्याख्यान देतात, तेव्हा हेच लोक पेंगत असतात.

ह्यांच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं आहे म्हणे की विषय फार चांगला आहे, फक्त पुरेशी माणसं मोकळेपणानं बोलली पाहिजेत. माणसं नाहीत तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही. म्हणून हे जो येईल त्याच्यापुढे वाकतात.

मला काही विचारलेलं नाही. बरंच आहे. माझ्याकडे रिकामा वेळ कुठे?

आश्विन शुद्ध १०

उपाश्रयात मोठ्या महाराजसाहेबांकडे, म्हणजे तिथे उतरलेल्या वडील साध्वीजींकडे गेले. ह्यांना दोन कडक शब्द त्यांनीच सांगावेत असं मनात होतं. साध्वीजी भिक्षेची लाकडी पात्रं रंगवत होत्या. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मध्येच खुदकन हसल्या.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“मला विचारलंच नाही, साहेब.”

“का बरं?”

“घरातलीच ना मी. घरातल्यांना काय विचारायचं?”

“हो का,” म्हणाल्या, आणि पुन्हा पात्राला रंग लावायला लागल्या. कडक शब्दांचं नाव नाही. वय झालं त्यांचंही. परतताना लक्षात आलं की सामायिकाला, ध्यानाला बसायचं आसन तिथेच विसरले. ऊन डोक्यावर, परत जावं लागलं.

आश्विन वद्य ५

जेवताना डाळ शिजलेली नव्हती. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाण्याला ओळखत नव्हता. मी गॅसवाल्याला बोल लावत होते, तर हे घास चावता चावता म्हणाले, “जुनी असेल.”

“कशावरून? परवाच तर आणली.”

“नव्यात जुनी मिसळतात काही लोक.”

“कोण म्हणालं?”

“म्हणालं कोणी तरी,” म्हणून ताटात बघायला लागले. कान लाल झाले होते.

मी मॅट्रिक आहे, आंधळी नाही. डाळ आमच्याकडे एकाच दुकानातून येते, झवेरभाईंच्या. आणि झवेरभाई गेल्या आठवड्यात गॅलरीत तास-दीड तास बसून गेले, चहाही अर्धा ठेवून गेले. वर्षानुवर्षं मी माझ्या पाण्याला, माझ्या कुकरला, माझ्या हाताला दोष देत आले. आणि हे ऐकून घेतात, क्षमा करतात, आणि तीच डाळ खातात!

आश्विन वद्य ६

आज झवेरभाईंच्या दुकानात गेले. चांगली गर्दी होती, प्रभाबेनही होती. माझी पाळी आल्यावर म्हटलं, “झवेरभाई, तुरीची डाळ द्या. पण आधी सांगा, क्षमा मागितलेली की न मागितलेली?”

बायका खो खो हसल्या. प्रभाबेन नाही हसली. झवेरभाईंनी माप खाली ठेवलं.  नवी डाळ, वेगळ्या पोत्यातली, मुकाट्यानं बांधून दिली.

दोन शिट्ट्यांत शिजली. चोराला चोर म्हणायला पदवी लागत नाही. ह्यांना सांगितलं नाही. डाळ चांगली झाली आहे एवढं तेच म्हणाले.

कार्तिक शुद्ध ७

दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाच्या भेटीला म्हणून आमच्या जैन संघाचे विश्वस्त चीनुभाई आले. बसले, मठिया तोंडात टाकली, आणि मग म्हणाले, “रमणीकभाई, वाईट वाटून घेऊ नका. लोक म्हणतात, तुमच्या गॅलरीत बोललेलं झवेरभाईंच्या दुकानात पोचतं.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

“सगळ्यांचं म्हणणं आहे, त्यांचं बोललेलं परत द्या,” चीनुभाई म्हणाले.

“परत कसं देणार, पुसता येईल,” हे म्हणाले.

“मग पुसा.”

“ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांचं पुसतो.”

“सगळ्यांनाच वाटतं,” चीनुभाई म्हणाले. आणि दारात चपला घालताना, मान वर न करता, “माझंही.”

म्हणजे हा पण येऊन गेला होता! मी कधी पाहिलं नाही. माझ्या देरासराच्या वेळेला आला असणार.

कार्तिक शुद्ध ८

दुपारभर हे गॅलरीत बसून पुसत होते. कॉलेजचा तसा नियमच आहे, माणूस नको म्हणाला की काही ठेवायचं नाही. एकेक पुसण्याआधी कानाला लावत होते. थोडं ऐकायचं, मग बोट दाबायचं. मी आत कपडे घडी करत होते, चारदा घडी मोडून परत घातली.

मला एक शब्द बोलले नाहीत. बोलणार काय? डाळ जुनी होती की नव्हती? आणि मी कोणाचं नाव घेतलं? मी गिऱ्हाईक म्हणून प्रश्न विचारला. प्रश्न विचारायचा मक्ता काय ह्यांनी एकट्यांनी घेतला आहे?

प्रभाबेन आता सामायिकाला माझ्या शेजारी आसन टाकत नाही. सुटले. तिची तोंडापुढे धरायची मुहपत्ती कधी धुतलेली नसते.

मार्गशीर्ष शुद्ध ४

ह्यांची दिनचर्या चालू आहे. नऊला डबा घेऊन कॉलेज, पाचला परत. डबा धुऊन आणतात हल्ली. म्हटलं, एवढ्या शिक्षणानंतर निदान डबा धुवायला आला.

बोलत नाहीत. विचारलं तर उत्तर देतात, पण टेलिफोन खात्यासारखं. दूध आलं का, आलं. चावी कुठे, खिळ्यावर. पूर्वी जेवताना कॉलेजातलं काहीबाही सांगायचे, मी डोकं फिरलं म्हणायचे. आता डोकं ठिकाणावर आहे. घर शांत आहे.

फार शांत आहे.

मार्गशीर्ष वद्य १

दुपारी बाराला दार वाजलं. तोरल. गुडघे आज झाकलेले होते, थंडी पडली म्हणून असेल.

“मासी, आर. एल. कुठे आहेत? फोन उचलत नाहीत.”

“कॉलेजात. तुझ्याच वर्गात. बाकावर बघ नीट.”

पोरगीनं पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, “मासी, ते दिवाळीनंतर आलेलेच नाहीत.”

तिला काही दाखवलं नाही. रोज नऊला डबा घेऊन हा माणूस जातो कुठे? नदीकाठी बसत असणार, बाकावर, बिनकामाच्या म्हाताऱ्यांत. पूर्वी मीच म्हणत होते, बाकावर बसा म्हणून.

खाखरे दिले. तिनं एकच मोडला आणि नुसता धरून बसली.

“मॅडम म्हणतात अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “पुष्कळ माणसं नकोतच. एकच माणूस द्या, पण स्वतःहून, पूर्ण बोलणारा. त्यावर प्रबंध होईल. मकरसंक्रांतीच्या आत नाही दिला तर नाव कटेल. मी सांगितलं त्यांना. म्हणाले, तसं कोणी नाही.”

“तसं म्हणाले?”

“हो.”

“माझं नाव नाही निघालं?”

तोरल खाखऱ्याकडे बघत म्हणाली, “मीच काढलं, मासी. ते म्हणाले, तिला विचारून काय करू? तिचा निरोप मला यादीतून येतो. दूधवाल्याबरोबर.”

ऐका! यादीतून येतो म्हणे! यादीत पहिलं नाव कोणाचं आहे ते बघायला ह्या माणसाला दोन वर्षांत सुचलं नाही. माझा फोन कपाटावर उघडा पडलेला असतो. माध्यमांचा अभ्यास करतात!

पोरीला म्हटलं, “खा तो. हातात धरून मऊ पडेल.”

मार्गशीर्ष वद्य २

सकाळी डबा दिला. थेपले, आणि वर लिंबाचं लोणचं जास्त घातलं. कुठे जाता ते विचारलं नाही. नदीकाठी वारा असतो, मफलर घ्या म्हटलं. माझ्याकडे एकदम बघितलं. मफलर घेतला आणि गेले.

पाचला आले. हातपाय धुतले. मी तोवर गॅलरीत जाऊन बसले होते, पाहुण्यांच्या खुर्चीवर. स्टूल मध्ये ओढून ठेवलं, आणि ते बोटाएवढं यंत्र ह्यांच्या खणातून काढून स्टुलावर ठेवलं.

“हे काय?” दारातूनच म्हणाले.

“बसा. सगळ्या गावाला विचारलंत. मलाही विचारा.”

“तुझी इच्छा नसेल तर...”

“इच्छा नसती तर डाळ निवडायची सोडून इथे कशाला बसले असते? बटण कुठलं?”

बसले. बटण दाबलं. बारीक लाल दिवा लागला. घसा खाकरला, आणि परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, “आधी सांगायला पाहिजे. तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“का नाही येणार? चोरी केली आहे का मी? लिहून घ्या. जासूदबेन रमणीकलाल शाह. मॅट्रिक.”

मी ह्यांचं नाव घेतलं हे मला नंतर कळलं. ह्यांना तिथल्या तिथे कळलं.

“तुम्ही मला दर संवत्सरीला क्षमा मागता. कशाबद्दल?”

मी कालपासून उत्तर घोळवून ठेवलं होतं. चांगलं होतं, शास्त्राला धरून होतं. ते आलंच नाही. म्हटलं, “मला काय माहीत? लागलं कोणाला? ज्याला लागलं त्यानं सांगावं.”

“मी सांगू?”

“मग काय दूधवाला सांगणार?”

ह्यांनी खुर्ची स्टुलाजवळ ओढली. मग म्हणाले, “डाळ.”

“डाळ जुनी होती.”

“जुनी होती. पण झवेरभाई मला सांगताना रडत होते.”

ह्यावर मी काही बोलले नाही. यंत्रात तेवढी जागा कोरी गेली असेल.

मग पुढचं. वाटलं होतं डाळीवर भागेल. माणूस टेलिफोनसारखा, एकदा लागला की थांबेना. फाल्गुनीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी ह्यांना विचारलं होतं, तुम्ही काय करता? ह्यांनी तोंड उघडलं, आणि उत्तर मी दिलं.

“तुम्ही उशीर लावता,” म्हटलं. “लोक ताटकळतात. हेही नोंदवा.”

“नोंदतंय. त्याआधी, चिठ्ठी आली भूजच्या बदलीची. साहेबांनी घरी येऊन विचारलं, जाणार का? तेव्हाही उत्तर तूच दिलंस.”

“जायचं होतं तुम्हाला?”

“माहीत नाही. विचार करायला लागलो होतो.”

असं एकेक. कुठली कुठली लग्नं, कुठल्या कुठल्या गाड्या, दारात आलेला कोण कोण माणूस. काहीच मोठं नाही. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कोणाला सांगितलं तर हसतील. प्रत्येक वेळी मी माझी बाजू सांगितली, आणि प्रत्येक वेळी ह्यांनी ती पूर्ण होऊ दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मलाच माझं बोलणं लांब वाटलं.

समोरच्या इमारतीच्या काचा विझल्या. सूर्य गेला होता. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही हा माझा नियम लग्नाआधीचा. आज जेवण राहिलं आणि पाणीही राहिलं. घसा सुकला होता. ह्यांना रात्री पाणी चालतं, म्हणून आतून तांब्या आणून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी हात लावला नाही.

“झालं?” म्हटलं.

“आजच्यापुरतं पुष्कळ झालं. मॅडमना एवढं पुरेल. ह्यावर प्रबंध होईल.”

पुरेल म्हणे. एका बाईच्या चाळीस वर्षांत ह्यांचं एम. ए. बसतं, एवढीच ती पदवी.

ह्यांनी यंत्राकडे हात नेला. मी म्हटलं, “थांबा. तुम्हीही मला दर वर्षी पाठवता. दिव्याचं चित्र, खाली मजकूर. ते कशाबद्दल?”

ह्यांचा हात बटणावर तसाच राहिला.

“बंद करतो आधी,” म्हणाले.

म्हटलं, “राहू द्या चालू.”